गोठ्याचा दिवा

पाटसच्या साखर कारखान्याची काजळी मोटारीच्या एसीच्या उघड्या नळ्यांत जाऊ नये, म्हणून मारुतरावांनी गोठ्याचे दार ओढून घेतले आणि खालच्या फटीत गोणपाट कोंबले. बैल विकल्यापासून तिथे मोटार उभी राही. तंत्रनिकेतनात शिकलेला माणूस. काम पायरीपायरीनेच करणार. आधी बॅटरीची तार सोडवली, मग पट्टा उतरवला. मुलगा सत्यजीत याने शिरूरजवळ रस्त्यावरच्या एका दुकानात एसीचा गॅस भरून घेतला होता. तो गॅस आता सगळा गळून गेलाय, असे सत्यजीत म्हणाला होता. तरी सावधपणे मारुतरावांनी कंप्रेसरच्या नळीचा नट अर्धाच आटा सैल केला.

फुस्स आवाज सुरू झाला. परत आवळायला गेले, तर आटे घसरले.

आणि वास आला. एसीच्या गॅसला असा वास नसतो. हा स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचा वास होता. दुकानदाराने स्वस्तात तोच भरला होता. हवेपेक्षा जड असलेला तो गॅस आता त्यांच्या पायांशी, बंद गोठ्यात साचत होता.

ते दाराकडे वळले आणि थबकले. फळ्यांच्या फटीतून पिवळा उजेड हलत येत होता. दिवेलागण झाली होती. बैल गेले, तरी त्यांची बायको साखरबाई गोठ्याला दिवा दाखवल्याशिवाय राहत नसत.

दार उघडावे, तर गॅस थेट तिच्या पायांशी लोटेल. ओरडावे, तर ती धावत येईल, हातातल्या दिव्यासकट. गेल्या वर्षी त्यांच्या छातीत कळ आली तेव्हापासून ती त्यांच्या प्रत्येक हाकेला धावे. त्यांनी दाराला पाठ लावली आणि रोजच्यासारखा आवाज काढायचा प्रयत्न केला.

"अगं, तिथंच थांब. दिवा घेऊन तुळशीपाशी जा."

"गोठ्याला दाखवते आन् जाते की."

"आज नको. मी सांगतो म्हणून."

उजेड हलेना. कडी किणकिणली. मारुतरावांनी टाचा जमिनीत रोवल्या.

"तुमचा आवाज असा का येतोय?"

"साखर, मागं फिर."

नावाने ते तिला कधीच हाक मारत नसत. उजेड एकेका फटीतून मागे सरत गेला.

अंगणाच्या पार टोकाला, तुळशीपाशी दिवा टेकलेला फटीतून दिसला. त्यानंतरच त्यांनी मागची खिडकी उघडली आणि तिच्यातून कसेबसे शेताच्या बाजूला उतरले. वळसा घालून अंगणात आले, तेव्हा साखरबाई पदर नाकाला लावून उभ्या होत्या.

"सिलिंडर गळतोय व्हय?"

"व्हय," मारुतराव म्हणाले. "गाडीतला."

त्यांनी तुळशीपाशी ठेवलेला दिवा ओंजळीत धरून आणखी लांब, विहिरीकडे नेला. घाईत निम्मे तेल सांडले, तरी दिवा विझू दिला नाही.