बाणाएवढी जागा

“काळं दिसतंय ती हवा. पांढऱ्या पट्ट्या म्हणजे बरगड्या. आणि हा डाग, हा इथं नको होता,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “फोटोत डावीकडे दिसतोय, पण आहे तुमच्या उजव्या बाजूला. समोर उभ्या माणसाकडे बघतो तसं बघायचं.”

पेंटरनं बघितलं. खांद्याखाली, सुपारीएवढा.

“जुन्या दुखण्याचा वण असेल, नाहीतर नवीन काही. सहा वर्षांपूर्वी खोकल्यासाठी एक्स-रे काढला होतात ना? त्यातही हा एवढाच असेल तर निवांत राहा. नसेल, तर सुई घालून तुकडा तपासावा लागेल. जुना फोटो आणा.”

“आणतो की,” पेंटर म्हणाला.

या पेंटरची ख्याती अशी, की त्याला बघून रस्त्यातलं गाढवसुद्धा चालू लागायचं. उभं राहिलं तर हा त्याच्यावर नंबर टाकेल. नंबराचे, बाणाचे स्टेन्सिल तो जुन्या एक्स-रेचे कापायचा. पुठ्ठा रंगानं फुगतो, फिल्म फुगत नाही. दुकानातल्या तारेवर अर्ध्या गावाची हाडं लटकत होती.

“काय शोधताय एवढं?” बायकोनं विचारलं.

“माझी छाती.”

“ती तुम्हीच कापलीत. राहू द्या म्हटलं, तर म्हणे, बरा झालो, आता काय फ्रेम करून लावायचीय?”

कुणाच्या तरी गुडघ्यामागे ती सापडली. कोपऱ्यात त्याचं नाव. रॉकेलच्या बोळ्यानं रंग पुसून त्यानं ती खिडकीशी धरली. डॉक्टरबाई काय म्हणाल्या ते त्यानं चाचरत सांगितलं, निम्मंच.

बायकोनं उजवीकडे बोट फिरवलं. “कुठाय डाग? सगळं साफ आहे.” ती हसलीसुद्धा.

जुन्यात साफ म्हणजे डाग नवा, हे निम्मं त्यानं सांगितलंच नव्हतं. मग आठवलं: समोरच्या माणसासारखं. त्यानं तिचं बोट धरून डावीकडे नेलं.

तिथं फुफ्फुस नव्हतं. बाण होता. टोक बरोबर खांद्याखाली.

“कापलेला तुकडा?” तिनं विचारलं.

“सहा वर्षं झाली, अगं.”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली. बाणातून नुसता उजेड आला. बराच वेळ बघून त्यांनी चिठ्ठ्यांचं पुस्तक ओढलं आणि सुईची तारीख लिहायला घेतली.

“कड बघा,” पेंटर हळूच म्हणाला. “ब्लेड कुठंही घसरलेलं नाही.”

लिहिता लिहिता त्यांनी मान डोलावली. पेंटरनं सदऱ्याचं वरचं बटण लावलं.