तीनशे फुटांवरचा नेपच्यून

थुंकीचे प्रकार मला आता ओळखू येतात. ताजी तांबडी असते, दुपारपर्यंत काळपट होते, आणि तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची असेल तर सुपारीचा चुरा भिंतीला चिकटून वाळतो. एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झाल्यावर मी हे ज्ञान मिळवलं. सांगतानाही किळस येते, पण सांगते.

सक्करदऱ्यात आमच्या शाळेची रस्त्याकडची भिंत तीनशे फुटांहून थोडी लांब आहे. उन्हाळ्यात मी आणि माझी जुनी विद्यार्थिनी प्रीती, आम्ही दोघींनी तिच्यावर सूर्यमाला रंगवली. खऱ्या अंतराच्या प्रमाणात. फाटकाशी सूर्य, दहा फुटांवर पृथ्वी, बावन्नवर गुरू, पंच्याण्णववर शनी, एकशे ब्याण्णववर युरेनस आणि तीनशेव्या फुटावर, रिक्षा थांबतात त्या कोपऱ्यावर, नेपच्यून. पुस्तकात सगळे एका पानावर दाटीवाटीनं बसलेले असतात. पोरींनी चालत जावं, मधली कोरी भिंत संपता संपू नये, आणि जग केवढं मोठं आहे ते त्यांच्या पायांना कळावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. नेपच्यूनचा निळा प्रीतीला चौथ्या वेळी जमला.

आठ दिवसांत तो निळा दिसेनासा झाला. माणसानं पाठवलेलं एकच यान आजवर नेपच्यूनजवळून गेलंय. खर्रा मात्र दर तासाला पोचतो. युरेनसपाशी ट्रान्सफॉर्मर आहे, त्याच्या आडोशाला पुरुष लघवीला उभे राहतात. चांगले शिकलेले, पाठीवर लॅपटॉपची बॅग. मी समोर गेले तरी घाई करत नाहीत. रोज सकाळी मी बादली आणि सोडा घेऊन जायची, नाकाला पदर लावून घासायची. रिक्षावाला लहानू माझ्यादेखत थुंकला, तेव्हा मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं.

"भिंतच तं होय मॅडम," तो म्हणाला. "कोनाच्या आंगावर थोडी थुकलो."

गुरूपर्यंतच्या भिंतीवर फाटकावरच्या चपराशाची नजर असते. त्यापुढे शनी मात्र साफ राहू लागला, तोही पानठेल्याच्या अगदी समोर असून. त्याचं कारण बायजाबाई. ती शाळेसमोर भाजी विकते. ग्रहाखाली मोठ्या अक्षरांत मीच 'शनी' लिहिलं होतं. एका शनिवारी तिनं ते नातवाकडून वाचून घेतलं आणि तेल ओतलं. पुढच्या शनिवारी चार बाया, रुईची माळ, उडीद. कड्यांवरून तेलाचे ओघळ, त्यावर धूळ, धुळीत मुंग्या. तिथून जाताना मी तोंड फिरवायची. थुंकी निदान खोटं तरी बोलत नाही.

मंगळवारी मुख्याध्यापक गणपतरावांनी मला बोलावलं.

"मॅडम, भिंतीच्या लई तक्रारी येऊन राहिल्या. संस्थेचं मंडळ म्हनते, सोमवारी चुना मारा आन् देवाच्या टाइल्स लावा. शनीपर्यंत राहू देतीन. तेथवर कोनी थुकत नाही."

"आणि नेपच्यून?"

"त्याले कोन ओळखते?" मग माझा चेहरा पाहून ते हळूच म्हणाले, "शनिवारपर्यंत जो साफ राहीन, त्याले मी वाचवतो. बाकीच्याचं माह्या हातात नाही."

सूर्यमाला शनीपाशी संपवली तर ती पानठेल्यापर्यंतचीच होते. मी घरी आले, पण जेवण जाईना.

माझे आजोबा आनंदराव छप्पन साली धम्मदीक्षा घेऊन घरी आले आणि घरातले देव कन्हान नदीच्या पात्रात सोडून आले. त्यानंतर आमच्या घरात कोणी दगडाला कुंकू लावलं नाही. मी तर वर्गात शेंदूर दाखवून शिकवलं आहे की हे शिशाचं संयुग, विषारी, हात धुवा.

संध्याकाळी मी शेंदूर आणायला इतवारीच्या बाजारात गेले. सक्करदऱ्यात कोणीतरी ओळखीचं भेटलं असतं. दुकानदारानं विचारलं, "हनुमानजीसाठी पायजे का?" मी मान हलवली. खोटं बोलायला तोंडही उघडावं लागलं नाही.

बुधवारी सकाळी रस्ता रिकामा होता. मी युरेनस आणि नेपच्यून घासून पुसले. वाटीत शेंदूर आणि तेल कालवलं.  ज्याच्यावर उभं राहायला जमीन नाही अशा त्या गार, वादळी गोळ्याला मी दोन बोटांनी शेंदूर फासला, वर झेंडूचा हार अडकवला. परतताना युरेनसलाही फासला. हात तीनदा धुतले. बोटं नारिंगीच राहिली.

गुरुवारी दोन्ही ग्रह स्वच्छ होते. शुक्रवारी नेपच्यूनखाली नारळ फुटला होता. लहानू खर्रा चघळत आला, भिंत पाहून वळला, नालीत थुंकला, आणि भिंतीला हात लावून तो कपाळाला नेला. मला त्याच्या थुंकण्याची कधी आली नव्हती एवढी शिसारी त्या नमस्काराची आली. माझीही आली.

शनिवारी गणपतराव भिंतीच्या कडेनं पाहून गेले. "राहिले तुमचे दोघंही," एवढंच म्हणाले. जाताना माझ्या बोटांकडे त्यांनी पाहिलं.

मी नेपच्यूनपाशी जाऊन उभी राहिले. शनीचं तेल आटोपून बायजाबाई तिकडेच आली.

"हा कोन्ता देव होय वं मॅडम? नाव वाचता येत नाही मले."

"नेपच्यून."

"शनिमहाराजाचा शनिवार. याचा वार कोन्ता?"

सूर्याभोवती एक फेरा मारायला त्याला एकशे पासष्ट वर्षं लागतात, हे माझ्या तोंडाशी आलं होतं. पण मी बुधवार म्हणाले असते, तर उरलेले सहा दिवस तो थुंकदाणी झाला असता.

"रोज," मी म्हणाले.

बायजाबाईनं चपला काढल्या, हात जोडले, आणि माझ्या पायांकडे पाहत थांबली. मीही चपला काढल्या.