पोरींची कच्ची वही

चौदा वर्षांखालच्या पोरींना फुटबॉल शिकवायचा तर आधी त्यांचं खोटं बोलणं सोडवावं लागतं, असं ताईचं ठाम मत होतं. पाय मुरगळला असला तरी पोरगी म्हणते, काही झालं नाही. बॉलची भीती वाटली तरी म्हणते, डोळ्यांवर ऊन आलं. म्हणून ताईनं एक वही केली होती. प्रत्येकीला एक पान आणि पानाच्या मधोमध रेघ. डावीकडे पोरीनं स्वतःच्या हातानं लिहायचं, मला काय जमत नाही. उजवीकडे ताई लिहायची, त्यासाठी काय करायचं. एकीचं पान दुसरीनं वाचायचं नाही आणि टीम निवडताना ताईनं त्या पानाकडे ढुंकूनही बघायचं नाही. पोरी तिला कच्ची वही म्हणत.

दुसऱ्या प्रशिक्षकांना याचं हसू यायचं. हसोत बापडे. वर्षभरापूर्वी बॉल दिसला की पळ काढणाऱ्या पोरी आता बॉलमागे पळत होत्या, ते काही शिट्ट्या फुंकून झालं नव्हतं.

गोलकीपर पोरगी चांगलीच उंच, म्हणून तिचं नाव शिडी. तिनं पहिले तीन महिने पान कोरंच ठेवलं. मग एकदा सगळ्या घरी गेल्यावर मागे रेंगाळली आणि बारीक अक्षरात लिहिलं, ‘डावीकडून उंच बॉल आला की मी डोळे मिटते. कुणाला सांगू नका, आईलाही नाही.’ त्या दिवसापासून प्रॅक्टिस संपली की ताई तिला डावीकडून हातानं पन्नास बॉल टाकायची. आता त्यातले तीसेक ती उघड्या डोळ्यांनी पकडत होती.

वही बुटांच्या कपाटात असायची. किल्ल्या दोन. एक ताईकडे, दुसरी धाकट्याकडे. धाकटा म्हणजे ताईच्या पाठचा भाऊ आणि टीमचा सहायक. गुडघा गेल्यावर त्याचं खेळणं सुटलं आणि तो वर्षभर भिंतीकडे तोंड करून पडून होता. ताईनंच त्याला उठवून मैदानावर आणलं, हातात शिट्टी दिली आणि पोरींना सांगितलं, हे दादा, माझ्याइतकंच यांचं ऐकायचं. पोरी ऐकत होत्या. दादाच्या तर नकलासुद्धा करत, आणि नकला माणूस आवडला तरच होतात.

मोठ्या अकादमीशी सामना होता त्या सकाळी धाकटा पांघरुणातून म्हणाला, “अंगात कणकण आहे गं. तू हो पुढे.” ताईनं त्याच्या उशाशी गोळी आणि पाण्याची बाटली ठेवली आणि एकटीच पोरींना घेऊन गेली.

खेळ सुरू होऊन पाच मिनिटं झाली नाहीत तोच डावीकडून उंच बॉल आला. शिडीच्या हातांवरून आत गेला. परत तिकडूनच, परत तसाच. मागे खेळणाऱ्या ठेंगणीला एकदा डोक्याला लागलं होतं, तेव्हापासून ती डोक्यानं बॉल मारायचं टाळायची. तर प्रत्येक लांब बॉल नेमका तिच्याच डोक्यावर. पुढे खेळणारी भिंगरी फक्त उजवीकडेच वळते, तर त्यांच्या दोन पोरी आधीच उजवीकडे उभ्या. मध्यंतराला तीन गोल अंगावर होते. ताई इतकी भोळी, की तिनं मनातल्या मनात समोरच्या प्रशिक्षकाचं कौतुक केलं. किती बारकाईनं बघतो माणूस, म्हणाली. यालाच म्हणतात घर लुटलं जात असताना चोराच्या हातसफाईला दाद देणं.

शिडी बाहेर गेलेला बॉल आणायला अकादमीच्या बाकाजवळ गेली होती. ती परत आली ती बॉल न घेताच.

“ताई, त्यांच्याकडे माझं पान आहे.”

“कसलं पान?”

“कच्च्या वहीतलं. कागदावर छापलंय. माझं अक्षर मला कळत नाही का? आईला सांगू नका, तेसुद्धा आहे त्यात.”

भोवती चौदा पोरी घोळका करून उभ्या होत्या. पाणी कुणीच पीत नव्हतं. सगळ्या ताईकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत प्रश्न नव्हता, उत्तर होतं. वही कुणाची? ताईची. मग दिली कुणी?

“मी दिली नाही,” ताई म्हणाली. उत्तरार्धात आणखी तीन गोल झाले. शिडीनं शेवटच्या दोन वेळा हातही वर केले नाहीत.

ताई घरी पोचली तेव्हा धाकटा टेबलावर चादर पसरून इस्त्री करत होता. इस्त्रीखाली अकादमीचा नवाकोरा ट्रॅकसूट होता. ताप बहुधा ताईबरोबरच दाराबाहेर पडला असावा.

“कधीपासून?” ताईनं विचारलं.

त्यानं इस्त्री उभी ठेवली. “सोमवारपासून जायचंय. आज सांगणारच होतो.”

“नोकरीचं नाही विचारत. वहीचं विचारतेय.”

“मुलाखतीत विचारलं त्यांनी, तुमच्या ताईकडच्या पोरी इतक्या लवकर कशा तयार होतात? मी पद्धत दाखवायला म्हणून वही नेली. त्यांनी फोटो काढले.”

“आणि तू काढू दिलेस.”

“आता समोर बसून नाही कसं म्हणणार?” त्याचा आवाज चढला. “तुझं बरं आहे गं. तुझ्या हाताखाली मी म्हातारा होईपर्यंत मैदानावर सरावाचे शंकू मांडायचे का?”

“जा की! कोण अडवत होतं? तू मागितली असतीस तर मी स्वतः शिफारशीची चिठ्ठी दिली असती. माझं काहीही विकायचं होतंस. ते पोरींचं होतं रे.”

धाकट्यानं इस्त्रीचं बटण बंद केलं. मग अगदी लहानपणीच्या आवाजात म्हणाला, “पोरींना माझं नाव सांगू नकोस. कपाट फोडलं म्हण. त्यांना काय कळतंय? तू सख्खी बहीण ना माझी?”

आपण विश्वासानं मांडीवर मान ठेवावी, समोरच्यानं केसानं गळा कापावा आणि वर तोच केस धुऊन मागावा, अशातली ही गत. पण खरं सांगायचं तर ताईला त्याचा राग कमी आला आणि रडू जास्त आलं. रात्रभर ती दोन्ही बाजूंनी विचार करत राहिली. कपाट फोडल्याचं खोटं सांगितलं तर भाऊ वाचत होता. पोरींनी ते मानलंही असतं कदाचित.

दुसऱ्या दिवशी बुटांच्या खोलीत पोरी भिंतीला टेकून बसल्या होत्या. ताई उभी राहिली आणि एका दमात म्हणाली, “वही दादानं दिली. त्यांच्याकडे नोकरीसाठी. किल्ली मी त्याला दिली होती.”

“दादांनी?” ठेंगणी म्हणाली आणि तिचा चेहरा रडवेला झाला.

शिडीनं मान वर केली. “तुम्हाला कधीच वाटलं नाही, ते असं करतील?”

“नाही.”

“इतकी वर्षं एका घरात राहून?”

प्रत्येकीच्या पावलातली खोट लांबून ओळखणारी बाई ती, तिला घरातला माणूस दिसला नव्हता. पोरींना तेवढं कळलं.

“आमची पानं द्या,” शिडी म्हणाली.

ताईनं वही आणली आणि शिवण उसवत एकेक पान जिचं तिला दिलं. वाटलं होतं, पोरी ती चुरगाळतील, नाहीतर दप्तरात टाकतील. शिडीनं आपलं पान मांडीवर ठेवलं, मधल्या रेघेवर नीट घडी घातली, नखानं दाबली आणि फाडलं. डावा भाग मोज्यात खोचला. उजवा ताईपुढे धरला.

“हे तुमचं अक्षर आहे,” ती म्हणाली आणि हातमोजे घालत बाहेर पडली.

मग ठेंगणीनं फाडलं, मग भिंगरीनं. मग एकेक करून सगळ्यांनीच उजवा भाग ताईच्या हातात ठेवला. खोली रिकामी झाली तेव्हा ताईच्या हातात चौदा अर्धी पानं होती. कुणाला काय करायचं, ते सगळं त्यांवर लिहिलेलं होतं. कशासाठी, ते पोरींबरोबर गेलं होतं.