मोकळं टोकन

गोकुळने रॅकेटांची बॅग गाडीच्या डिकीत कोंबली. आत बटाट्याच्या रिकाम्या गोण्या होत्या, त्यांच्यावरच ती तिरकी पडली. झाकण बसेना, तेव्हा त्याने वरून गुडघा दिला.

"हळू, आण्णा," समर्थ म्हणाला.

"काय काचंचं सामान हाय का?"

मागे स्टेडियममध्ये टाळ्या वाजत होत्या. समर्थ सकाळीच हरला होता. पात्रता फेरीचा शेवटचा सामना, तिसऱ्या सेटचा टायब्रेक, आणि नेटला लागून आपल्याच बाजूला पडलेला चेंडू. तो पलीकडे पडला असता तर मुख्य स्पर्धेत त्याचं नाव पहिल्यांदा लागलं असतं. ही काही टीव्हीवर दिसणारी पहिल्या प्रतीची स्पर्धा नव्हती. व्यावसायिक टेनिसची ती दुसरी पायरी. पण पोरगं तीन वर्षं त्याच पायरीवर डोकं आपटत होतं, आणि हे शेवटचं वर्ष होतं. गोकुळनेच दिवाळीत बजावलं होतं, की पुण्याच्या स्पर्धेत मुख्य फेरी खेळलास तर पुढचं बघू, नाही तर मंचरला मामाच्या ट्रॅक्टरच्या शोरूमवर बसायचं. बापाचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगत असे.

समर्थचे कोच घाईघाईने पार्किंगपर्यंत आले.

"गोकुळराव, आजचा दिवस त्याला थांबू द्या. मुख्य स्पर्धेतल्या कुणी ऐन वेळी माघार घेतली, की शेवटच्या पात्रता फेरीत हरलेल्यांतला एक आत घेतात. पहिला नंबर समर्थचा आहे. फक्त इथं हजर पाहिजे."

"काय म्हनत्यात त्याला? सांगत व्हता हा मगाशी."

"लकी लूजर."

"लूजर." गोकुळने शब्द तोंडातून बडीशेपेतल्या खड्यासारखा टाकला. "सर, आमच्याकडं घाटात बैलगाडे पळत्यात. आपली बारी झाली की बैल सोडायचं अन् टेम्पोत घालायचं. दुसऱ्याचा बैल लंगडायची वाट बघत उभं ऱ्हायाचं, ह्ये आमच्यात बसत न्हाई."

कोचनी समर्थकडे पाहिलं. समर्थने बुटाची नाडी पाहिली. समोरच्याला दिसायच्या आत सर्व्हिस टाकणारा बावीस वर्षांचा गडी, पण बापासमोर तो खाली वाकून बांधलेलीच नाडी पुन्हा बांधू लागला.

"अन् आज गावात सत्कार हाय," गोकुळ म्हणाला.

खरं कारण हे होतं. काल समर्थने पात्रतेतला पहिला सामना जिंकला, आणि गोकुळला तेवढ्यानेच हर्षवायू झाला. त्याने स्टेडियमच्या दारातूनच अमृतशेठला फोन लावला. अमृतशेठ यात्रा कमिटीचे अध्यक्ष. पुढच्या निवडणुकीला उभे राहणार, हे गावातल्या शेळ्यामेंढ्यांनाही ठाऊक. त्यांना सत्काराला माणूस हवाच होता. समर्थ आज कोर्टवर उतरायच्या आधी अवसरी बुद्रुकच्या वेशीत त्याचा फ्लेक्स लागला होता, 'मुख्य स्पर्धेत धडक मारल्याबद्दल'. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, त्यातला प्रकार. सकाळी पोरगं हरल्यावर एक फोन करून हे सांगता आलं असतं. गोकुळने फोन काढला, नाव शोधलं आणि परत खिशात टाकला.

चाकणच्या चौकात गाडी रांगेत अडकली. कंटेनरमागे कंटेनर. समर्थ खिडकीबाहेर बघत होता.

"हरलो त्ये सांगितलं का अमृतशेठला?" त्याने विचारलं.

"सांगू की. लोकं काय खेळ बघायला येत्यात? मानूस बघायला येत्यात."

"मग मानसानं जिथं असायला पायजे तिथं—" समर्थ एवढंच बोलला. पुढची गाडी हलली आणि गोकुळने गिअर टाकला.

घाटात यात्रा भरात होती. वरपासून खालपर्यंत माणूस, भंडाऱ्याने पिवळी झालेली डोकी, आणि दर बारीला उठणारा झिंग झिंग ओरडा. गोकुळचाही एकेकाळी गाडा होता. शर्यतींवर बंदी आली, घाट ओस पडले, त्याने बैल विकले आणि घाटाची सगळी खुमखुमी पोराच्या अंगावर काढली. बंदी उठली, बैल काही परत आले नाहीत. घरात शोकेसमध्ये तेवढी एक ढाल राहिली, 'घाटाचा राजा' अशी अक्षरं असलेली. समर्थ लहानपणी हरून रडत आला की गोकुळ त्याला त्या ढालीसमोर उभा करायचा.

स्टेजवर चढण्याआधी अमृतशेठनी समर्थच्या खिशाकडे बोट केलं.

"फोन दे बाबा वडलांकडं. फोटोत खिसा फुगलेला दिसतो."

समर्थने फोन गोकुळच्या हातात दिला. त्याला फेटा बांधला, गळ्यात झेंडूचा मनगटाएवढा जाड हार घातला. अमृतशेठ माईकवर म्हणाले, की आपला समर्थ आता परदेशी खेळाडूंना पाणी पाजणार, गावाचं नाव साता समुद्रापार नेणार. टाळ्या झाल्या. समर्थने स्टेजवरून बापाकडे पाहिलं. गोकुळ शेजारच्या माणसाशी उगाच पाण्याच्या पाळीबद्दल बोलू लागला. त्याला लाज वाटत होती, आणि लाज वाटतेय याचा रागही येत होता.

मग माईक भिमाजीनानांकडे गेला. नाना घाटाचे जुने पंच. सत्तरी उलटली तरी आवाज खणखणीत.

"ह्ये पोरात आलं कुठनं, तर बापाकडनं!" नाना म्हणाले. "बंदीच्या आधीची गोष्ट सांगतो. त्या साली चिठ्ठीत गोकुळचं नावच निघालं न्हाई. टोकन न्हाई म्हंजी बारी न्हाई. दुसरा आसता तर बैल घिऊन घरी गेला आसता. ह्यो गडी भर उन्हात बैल जुपून घाटाच्या तोंडाला उभा! मी म्हनलं, आरं जा की. तर मला म्हनतो, 'नाना, त्या खोडदवाल्याचा बैल सकाळधरनं पाय उचलून टेकतोय. मी थांबतो.'"

लोक खो खो हसले.

"अन् तसंच झालं! बैल लंगडला, खोडदवाल्यानी गाडा माघारी घेतला. मी पुकारलं, टोकन मोकळं हाय, कोन हजर हाय का? ह्यो हजर! पळाला, अन् घाटाचा राजा झाला. थांबनाऱ्याला देव देतो, राव!"

गोकुळ हे विसरला नव्हता. ढालीची गोष्ट सांगताना तेवढा तुकडा गाळायची त्याला सवय लागली होती, आणि इतक्या वर्षांत त्याला स्वतःलाही तो गाळलेलाच बरा वाटू लागला होता. समर्थने तो तुकडा आज पहिल्यांदा ऐकला. तो हसला नाही. हाराचं एक फूल चिमटीत धरून त्याने चुरडलं.

गोकुळच्या हातातला फोन थरथरला. पडद्यावर 'सर' असं आलं. तो गर्दीतून बाहेर, एका टेम्पोच्या आडोशाला गेला.

"समर्थला द्या, पटकन," कोच म्हणाले. "नाव लागलं त्याचं. एकानं आत्ता माघार घेतली, पाठ धरलीय. आहे कुठं तो?"

"सर, आमी... गावाला हाय. घाटात."

पलीकडे कोणीतरी इंग्रजीत काहीतरी विचारत होतं.

"किती वेळ हाय सर?"

"वेळ नाही. पुढचाच सामना."

"जरा थांबवा की त्यानला. मी पोरगं घिऊन निघतो, आत्ता निघतो. पाया पडतो सर तुमच्या."

"चाकण कोण उचलून बाजूला ठेवणार, गोकुळराव?" कोचचा आवाज खाली आला. "आता दुसऱ्याला बोलावतायत. तो हजर आहे." फोन बंद झाला.

टेम्पोत बांधलेल्या बैलाने मान हलवली, घुंगरं वाजली. गोकुळने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. तो परत आला तेव्हा समर्थ स्टेजच्या पायऱ्या उतरत होता.

"कुनाचा फोन?"

"कुनाचा न्हाई. असाच. अभिनंदनाचा."

समर्थने हात पुढे केला. गोकुळला फोन द्यावा लागला. पोराने पडद्यावर बोट फिरवलं, मागून आलेला सरांचा मेसेज वाचला, आणि वाचून झाल्यावरही बघत राहिला. मग फोन खिशात ठेवला. तो ओरडला असता तर गोकुळला बरं वाटलं असतं.

"समर्थ, दोन शब्द बोल की!" वरून अमृतशेठनी हाक मारली.

समर्थ परत पायऱ्या चढला. त्याने माईक हातात घेतला, दोनदा घसा साफ केला.

"मला बोलता येत न्हाई," तो म्हणाला. "मी सकाळी हरलोय. ह्यो हार माझा न्हाई, आण्णांचा हाय. कुठं थांबायचं त्ये त्यांना कळत व्हतं. मी आज थांबलो न्हाई."

क्षणभर गर्दीला काही उमगलं नाही. अमृतशेठचा चेहरा उतरू लागला होता. तेवढ्यात भिमाजीनाना गोकुळला दंडाला धरून वर घेऊन आले. समर्थने गळ्यातला हार काढला आणि दोन्ही हातांनी बापाच्या गळ्यात घातला. मग वाकून पाया पडला. गोकुळला त्याच्या कपाळाचा घाम पावलाला लागलेला कळला.

"हरला तरी बापाला विसरला न्हाई!" नाना डोळे पुसत म्हणाले. "ह्याला म्हनत्यात संस्कार!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अमृतशेठनी वारा ओळखला आणि दोघांच्या मधे येऊन उभे राहिले. फोटोवाला खालून ओरडला, "आण्णा, हात जोडा. अन् हसा की जरा!"

गोकुळने हात जोडले. तो हसलाही.

फोटो चांगला आला. अमृतशेठनी दुसऱ्याच दिवशी वेशीतला जुना फ्लेक्स काढून तोच फोटो लावला. पुढच्या सोमवारी त्याच्याखालून, हँडलला डबा अडकवून, समर्थ मोटरसायकलवर मंचरला शोरूमवर गेला.