काकूनं शिकवलेलं नाव

विजयमालाला धाकट्या जावेचा राग होता, आणि का नसावा? रूपा गावची आशाताई, घरोघरी आरोग्याचं पाहणारी. कोणाचं पोर तापलं की हाक रूपाला, मानपानही रूपाला. तेवढंही चाललं असतं हो! पण पोटची पोरगी, सात वर्षांची संस्कृती, तीही उठता-बसता ‘काकू, काकू’ करायची. आईच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मागल्या वर्षी एका औषधानं संस्कृतीच्या अंगभर गांधी उठल्या होत्या. तेव्हा रूपानं त्या औषधाचं नाव तिच्याकडून पाढ्यासारखं घोकून घेतलं. विजयमालानं ते कानाआड केलं. मोठी आली डॉक्टरीण!

यंदा पोरीचा घसा सुजला, ताप चढला, तशी कोणाला न सांगता विजयमाला तिला जीपनं रिसोडच्या दवाखान्यात घेऊन गेली. आपलं लेकरू आपल्यालाही सांभाळता येते, पाहू दे गावाला.

डॉक्टरांनी विचारलं, “आधी कोणत्या औषधाचा त्रास झालाय का?”

“काकू म्हणते, मले ते औषध...” संस्कृतीनं तोंड उघडलं.

“चूप बैस! काकूची चमची!” विजयमाला खेकसली. “काही त्रास नाही जी तिले.”

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं.

पाच मिनिटं झाली नाहीत तोच तिचे ओठ सुजले, छातीत शिट्टी वाजू लागली, आणि तिनं मान टाकली. डॉक्टरांनी धावत येऊन मांडीत अ‍ॅड्रेनालिन टोचलं, तिला आडवं करून पाय उंच ठेवले, ऑक्सिजन लावला. विजयमाला उचलायला धावली तर ओरडले, “उचलू नका! झोपूनच राहू द्या!” थोड्या वेळानं दुसऱ्यांदा टोचलं.

“पोरगी सांगत होती, साहेब,” विजयमाला रडत म्हणाली. “म्याच बोलू देलं नाही. नाव तिच्या काकूले ठावं हाय.”

तिनं रूपाला फोन लावला. रूपानं एका दमात नाव सांगितलं. आणि मेलं मन पाहा, लेकरू मरणाच्या दारात, तरी ते तेव्हाही जळलंच.

बऱ्याच वेळानं संस्कृतीनं डोळे उघडले. डॉक्टर वाकून म्हणाले, “आज रात्रभर इथंच राहायचं, हे परत उलटू शकते. बाळा, अजून दम लागतो का?”

पोरीनं ओठ हलवले. मग आईच्या तोंडाकडं पाहिलं आणि मिटून घेतले.

“बोल माय,” विजयमालानं तिचे पाय धरले. “तुले जे बोलायचं ते बोल.”

पोरगी आईकडं नुसती पाहत राहिली.