दोन पिवळे शेजारी

मशीन बंद केली ना मी, तर पट्टी नव्हतीच!

म्हणजे ऐका ना, दोन मिनिटांपूर्वी होती. टेबलाचा सागवानी पाय, वरून चार बोटं खाली चारी बाजूंनी फिरलेली पट्टी. शिसवाचा एक काळा तुकडा, फणसाचा एक पिवळा, परत काळा, परत पिवळा, असे बारीक बारीक. जाडी किती, तर दीड मिलीमीटर. आणि मी शहाणी, घासायची मशीन फिरवली तिच्यावर! खालून नुसतं साग निघालं. पट्टीची पावडर माझ्या चपलांवर.

ॲन्सेल्म काका चहाला गेले होते. वसईला वालीवच्या आमच्या फर्निचरच्या गाळ्यात फक्त टेबलांचे पाय करणारा हा एकच माणूस, बत्तीस वर्षं तेच. मी आठ महिने त्यांच्या हाताखाली. हसू नका, इंटिरिअरचा डिप्लोमा करून मला पायच करायचे होते! तर काका शंभरदा म्हणाले होते, "बाय, पट्टी हाताने घासायची. मशीनला कळत नाय कुठे थांबायचं." मला कळतं असं मला वाटलं.

आले काका. ओरडले असते तर बरं झालं असतं. पायाजवळ बसले, बोटावर ती पावडर घेतली आणि म्हणाले, "चारातली एक गेली."

"सॉरी काका! मी नवीन बनवते ना, प्लीज. सेम टू सेम."

मालक दिनानाथ शेठ पलीकडून हळूच म्हणाले, "उन्नती, ती कॅथरिन वहिनींची होती गं. शेवटच्या चारातली."

कॅथरिन म्हणजे काकांची बायको. दोन वर्षांपूर्वी गेली. गाळ्यात ती कधी आली नाही, पण पट्ट्या सगळ्या तिच्या. घरी बसून तुकडे चिकटवून ठोकळा करायची आणि काका त्याचे पातळ काप काढायचे, सुरळीच्या वड्या कापतात ना, तसे. एका पायाला एक काप. तिच्या शेवटच्या ठोकळ्याचे चारच काप उरले होते, बिस्किटाच्या डब्यात, फडक्यात गुंडाळून. एव्हरशाईन सिटीत राहणाऱ्या वसुंधरा मॅडमची डायनिंग टेबलाची ऑर्डर आली तेव्हा काकांनीच डबा आणला. म्हणाले, "डब्यात ठेवून काय करू? टेबलाला लागू दे. माणसं जेवतील तरी."

आणि मी काय केलं? पावडर.

मग रविवारी अख्खा दिवस घरी बसले मी. आईच्या पोळपाटावर तुकडे मांडले. आई किंचाळतेय, "पोळ्या कुठे लाटू, तुझ्या डोक्यावर?" मापासाठी उरलेल्या तीन पायांचे फोटो काढून आणले होते. ते मोठे करून बघते तर तिन्हींवर एकाच जागी दोन पिवळे तुकडे शेजारी शेजारी! मध्ये काळा नाहीच. मी म्हटलं, अच्छा, चिकटवताना चुकलंय. ठोकळ्यात एकदा चुकलं की प्रत्येक कापात तेच येणार ना. मी माझ्यात ते नीट केलं. काळा, पिवळा, काळा, पिवळा, एकदम परफेक्ट. दोन दिवस सुकवला आणि बुधवारी कापून काकांच्या हातात पट्टी दिली.

त्यांनी अंगठा फिरवला तिच्यावर. शेवटापर्यंत गेले. मग परत पहिल्यापासून फिरवला.

"काय शोधताय काका?"

"काय नाय. चांगली झालीय."

"आणि ते दोन पिवळे शेजारी आले होते ना? ती चूक मी काढून टाकली!"

किती खुश होऊन सांगितलं मी. काका हसले, पण कसे, ते मला सांगता येणार नाही.

"लग्नाला दोन महिने झाले होते," ते म्हणाले. "घरापुढच्या ओट्यावर बसून ती पहिलाच ठोकळा लावत होती. देवळाची, आमच्या चर्चची, सातची घंटा झाली, तशी उभी राहिली प्रार्थनेला. परत बसली ती पिवळ्याच्या बाजूला पिवळा लावून मोकळी. मी बघेपर्यंत सरस सुकला. असा ओरडलो मी! नव्या नवरीवर. गाढव होतो."

"मग?"

"मग काय, प्रत्येक ठोकळ्यात तेच करायला लागली. मुद्दाम! मी बोललो, बये, आता तरी सरळ लाव. तर बोलते, सरळ लावली तर तुला वाटेल, दुसरी कोण बाई येऊन लावून गेली."

मी पटकन बोलले, "मग मी पण तसंच दोन पिवळे..." आणि माझं मलाच कळलं.

"नको बाय," काका म्हणाले. "ते तिचं. तू सरळ लाव."

एकच पाय वेगळा दिसला असता, म्हणून वसुंधरा मॅडमच्या टेबलासाठी आम्ही चार नवीन पाय केले. चारींवर माझ्या पट्ट्या, सगळ्या हाताने घासलेल्या. खांदे भरून आले. मॅडम एकदम खुश. जुने तीन पाय काकांनी शेठना विचारून गोणपाटात बांधले आणि आगाशीच्या बसने घरी नेले. कंडक्टर म्हणे, "काय काका, या वयात स्टंप?"

गेल्या रविवारी मी मॅडमच्या टेबलाचे फोटो दाखवायला काकांच्या घरी गेले. ओट्यावर एक छोटं गोल टेबल, तीन पायांचं. ओट्याची फरशी वरखाली, पण टेबल जराही हलत नव्हतं. काकांनी चहा ठेवला. फोटो एकेक करून नीट बघितले, "कोपरे छान जुळवलेस" म्हणाले. तेवढ्यात सातची घंटा झाली. ते उभे राहिले, मग मीही राहिले. मला प्रार्थना येत नाही, नुसती टेबलाकडे बघत होते. तिन्ही पाय त्यांनी असे फिरवून बसवलेत की दोन पिवळे त्यांच्या खुर्चीकडेच येतात.

घंटा थांबली. काका बसले. कप समोर होता, पण त्यांचा हात आधी टेबलाखाली गेला. अंगठ्याने ती जागा शोधली आणि हात तिथेच राहिला.

चहावर साय धरली.