ताई पाहुणी व्हायला निघाली

"सोड तो दांडा! तू नाही ढकललास तर मी एकटी ढकलत नेईन. पण आज जाणार म्हणजे जाणार!"

"अगं, पण कुणाच्या दारात? जिच्या डोक्यावर बादली ओतलीस तिच्याच? ती दार तरी उघडेल का?"

"नाही उघडलं तर पायरीवर बसेन. आपल्या पायरीवर नाही का बसत लोक?"

ही ताई. तो भाऊ, तिचा धाकटा. आणि ज्याचा दांडा दोघांनी दोन बाजूंनी धरलाय, तो मी. मी एक जुना हातगाडा आहे, मित्रांनो. ताईची पत्र्याची पेटी माझ्यावर चढली, भाऊने उतरवली, ताईने परत चढवली. शेवटी तिने ती अशी आदळली की माझं डोकंच फिरलं. भांडायचंय तर भांडा ना, माझ्या फळ्या कशाला मोडता? पण गाड्याचं कोण ऐकतंय! बस यायला अजून अवकाश आहे आणि ही दोघं एकदा सुरू झाली की लवकर आवरत नाहीत. तोवर तुम्हाला सगळं सांगून टाकतो.

माझ्या फळ्या एका मोडलेल्या दाराच्या आहेत. सुतार म्हणाला होता, "दाराचं लाकूड आहे, माणसं आत घ्यायची सवय आहे याला. चांगला चालेल." मग लोहाराने चाकांवर तापलेली लोखंडी धाव चढवली आणि वरून पाणी ओतलं. चर्रर्र! असा पोळलो की त्या दिवसापासून मी जो आवाज करतोय तो करतोच आहे. गावाने माझं नाव ठेवलं खडखड्या.

आमचं गाव उतारावर. खाली बसस्टँड, वर तळं, आणि मधून एकच दगडी गल्ली. इतकी अरुंद की समोरासमोरच्या खिडक्यांतून बायका हात लांब करून वाटीभर साखर देतात घेतात. मोटार आत शिरत नाही. म्हणून बसमधून उतरलेल्या पाहुण्यांचं सामान माझ्यावर आणि मी भाऊच्या हातात. भाऊ तेव्हा तरणाताठा होता, चढावर शीळ घालायचा. आता चढावर त्याच्या छातीची शीळ वाजते.

तेव्हा हॉटेल वगैरे काही नव्हतं. पाहुणे घरात उतरायचे. माझा खडखडाट ऐकला की पटापट खिडक्या उघडायच्या.

"कुणाकडे रे?"

"ताईकडे!"

"मग माझ्याकडची एक उशी घेऊन जा, तिच्याकडे कमी आहे!"

असं चालायचं. पाहुणा दारात पोचायच्या आधी चहाचं आधण चुलीवर. मित्रांनो, आवाज करण्याबद्दल आयुष्यात शाबासकी मिळालेला गाडा मीच असेन.

त्या पाहुण्यांत एक होत्या छत्रीबाई. ऊन असो, पाऊस असो, काही नसो, हातात छत्री. पहिल्यांदा आल्या तेव्हा नवी नवरी होत्या. नवरा बॅग स्वतः उचलायला गेला आणि पहिल्याच पायरीवर बसला, तेव्हा त्या जे हसल्या, अख्खी गल्ली हसली. मग दरवर्षी येत राहिल्या. पुढे मुलगी झाली. तिला चालायचा भारी कंटाळा. ती माझ्यावर, बॅगांच्या डोक्यावर बसायची आणि ओरडायची, "खडखड्या, जोरात!" भाऊ घामाघूम. ती राणीसाहेब.

मग एका वर्षी छत्रीबाई एकट्याच आल्या. नवरा गेला होता. ताईने काही विचारलं नाही, काही समजावलं नाही. स्वयंपाकघरात खुर्ची टाकली आणि मटारची टोपली त्यांच्या मांडीवर ठेवली. बाई सोलत बसल्या. सोलता सोलता रडल्या. ताई म्हणाली, "रडा हो, पण सालं टोपलीत आणि दाणे भांड्यात. उलटं करताय." बाई रडतारडता हसल्या. मी दाराबाहेरच उभा होतो, सगळं ऐकलंय मी. त्या वर्षी जाताना बाईंनी घरात घालायच्या सपाता कॉटखाली तशाच ठेवल्या. फरशी गार असते, पुढच्या वर्षी लागतीलच म्हणाल्या. त्या सपाता ताई दर महिन्याला झटकते, अजूनही.

असे दिवस होते. आठवले की चाकांतलं वंगणसुद्धा पातळ होतं.

मग कुणीतरी ताईच्या खिडकीचा फोटो काढला.

निळी खिडकी, त्यावर चढलेला वेल, मागे तळं. ताईने ती निळी केली कारण दुकानदाराकडे तोच रंग उरला होता. पण तो फोटो फोनवरून फोनवर असा पसरला की विचारू नका! एकदोन बसच्या दहा बस झाल्या. आधी आम्हीही खूश होतो, खोटं कशाला बोलू. पण अति तिथे माती. माणसं खिडकीखाली रांग लावायला लागली. पायरीवर बसून खायची, कागद तिथेच टाकायची. ताई खिडकीत आली की खालून ओरडायची, "ओ बाई, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय!" स्वतःच्या घरात! एक जण तर सरळ स्वयंपाकघरात घुसला आणि झाकण उचलून पातेल्यात बघायला लागला. शेजारच्या शिंप्याचं दुकान मालकाने काढून घेतलं. तिथे आता चाव्यांना लावायच्या निळ्या खिडक्या विकतात. प्लास्टिकच्या. शिंपी बहिणीकडे राहायला गेला, दुसऱ्या गावी. जाताना त्याचं मशीन मीच खाली नेलं. त्याने एकदासुद्धा मागे वळून बघितलं नाही.

त्यात ती चाकांच्या बॅगांची टकटक. पहाटेपासून रात्रीपर्यंत. म्हातारी माणसं झोपेनात, तान्ही पोरं दचकायला लागली. शेवटी गल्लीची बैठक झाली. बेकरीवाला सगळ्यात जास्त तापला होता. म्हणाला, "या गल्लीत चाक वाजलं नाही पाहिजे! कुणाचंच!" आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

मी काय बॅग आहे का? पण सुक्याबरोबर ओलंही जळतं. भाऊने खाली मान घातली, जुन्या टायरच्या पट्ट्या कापल्या आणि माझ्या चाकांवर ठोकल्या. माझं तोंडच बांधलं म्हणा ना. मी मांजरासारखा चालायला लागलो. एवढा राग आला होता की महिनाभर मुद्दाम डावीकडे ओढत होतो.

माझं तोंड असं बांधलेलं असतानाच छत्रीबाई आल्या.

स्टँडवर भाऊला बघून त्यांना इतका आनंद झाला! भाऊने बॅग माझ्यावर ठेवली, छत्री बॅगेखाली सारली. ऊन होतं म्हणून त्यांच्या डोक्यावर मोठी टोपी होती, मुलीने घेऊन दिलेली. चढावर भाऊला दम लागला. नळापाशी थांबून म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे, घर काय नवीन आहे?" बाई हसत पुढे गेल्या. मी नळापासून बघत होतो. त्या दारापाशी पोचल्या, पण दार नाही वाजवलं. खिडकीखाली उभ्या राहिल्या आणि फोन वर धरला. मुलीला दाखवायचं असेल, पोचले म्हणून.

वरून ताईला काय दिसलं? टोपी. फोन. निळ्या खिडकीकडे रोखलेला.

सकाळपासून तिने चाळीस जणांना हाकललं असेल. फरशी पुसलेल्या पाण्याची बादली हातातच होती. आणि माझा आवाज आला नव्हता ना! खडखड ऐकली असती तर ती बादली ठेवून खाली धावत आली असती. तिच्या कानांनी मला तीस वर्षं ओळखलंय. पण मी मुका होतो.

तिने बादली उपडी केली.

समोरच्या खिडक्यांतून टाळ्या पडल्या. "शाब्बास ताई!" बेकरीवाला दारात येऊन नाचलाच. कुणीतरी फोनवर सगळं टिपत होतं. बाईंनी टोपी काढली, तोंडावरचं पाणी पुसलं आणि वर बघितलं. ताईच्या हातातून रिकामी बादली सुटली ती खाली आली खणखणत. "अगं बाई!" एवढंच तिच्या तोंडातून निघालं. ती जिना उतरून येईपर्यंत बाई माझ्यापाशी आल्या होत्या. भाऊ काहीतरी बोलायला गेला. त्या म्हणाल्या, "राहू द्या. टाळ्या ऐकल्या मी." स्वतःच बॅग उचलली आणि उतार उतरून गेल्या. छत्री तेवढी माझ्यावरच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईने भाजीच्या सुरीने माझ्या चाकांच्या पट्ट्या कापल्या. सुरीची धार गेली, बोट कापलं, तरी थांबली नाही. आता मी परत वाजतो. पण ऐकायला आहे कोण? ती बादलीची चित्रफीत घरोघर पोचली. त्या गावात पाणी फेकतात, तिकडे नको, असं झालं. लोकांनी ठरवलेल्या सहली मोडल्या. कुणी दुसऱ्या तळ्याला गेलं, कुणी घरीच बसलं. गल्ली शांत झाली, हवी होती तशी. पहिला आठवडा सगळे गाढ झोपले. मग बेकरीवाल्याचे पाव संध्याकाळपर्यंत तसेच राहायला लागले. परवा तो भाऊला म्हणाला, "काय रे, आज बसला कुणीच नव्हतं?" भाऊ म्हणाला, "होतं की. एक कुत्रं उतरलं. त्यालाही तुझ्या दुकानासमोरून जायची भीती वाटली."

आपलं काय चुकलं ते सगळ्यांना कळतंय, आणि काय चुकलं नाही तेही कळतंय, म्हणून कुणीच धड बोलत नाही. शिंपी गेला ते खरं आहे. पातेल्यात डोकावलेला तो माणूसही खरा आहे. पण ताईला त्यातलं काही आठवत नाही. तिला आठवते फक्त ती टोपी.

छत्रीबाई फोन उचलत नाहीत. यंदा त्यांचा यायचा महिना आला तसा ताईने मुलीला फोन लावला. तीच ती, माझ्यावर बसणारी राणीसाहेब. म्हणाली, "आईसाठी मी दुसरीकडे खोली घेतलीय या वर्षी. समुद्राकाठी. तिथे तिला कुणी ओळखत नाही, पण निदान कुणी..."

ताई म्हणाली, "पत्ता दे घरचा. जायच्या आधी गाठते तिला."

मुलगी म्हणाली, "या असं मी म्हणणार नाही. येऊ नका असंही म्हणणार नाही." आणि पत्ता सांगितला.

झालं. ताईने पेटी काढली. मित्रांनो, या बाईने सगळ्या जगाला घरात झोपवलं, पण स्वतः आयुष्यात एकदाही दुसऱ्याच्या गावी मुक्काम केला नाही. पेटीत काय भरायचं ते तिला कळेना. दोनदा उशी भरली, दोनदा काढली.

हे बघा, अजून भांडतायत.

"छत्री घेतलीस?"

"घेतली."

"आणि सपाता?"

"सपाता नाही नेणार. त्या कॉटखालीच राहतील. दिल्या परत तर तिला वाटेल खोली बंद केली."

भाऊ हळूच म्हणाला, "ताई, ते मोठं शहर आहे. तिथे कुणी तुलाच बोललं तर? गर्दी करायला आली म्हणून?"

ताईने पदराने पेटीवरची धूळ पुसली. धूळ नव्हतीच. "बोलू दे. ऐकून घेईन. मी पण किती जणांना बोललेय, त्यांतला एकसुद्धा उलटून बोलला नाही, माहितेय तुला? नुसते निघून गेले. भीती वाटतेय रे. कुठे उभं राहायचं असतं, दार किती वेळा वाजवायचं असतं, मला काहीच येत नाही."

मी इतकी वर्षं पाहुणे वाहिले. त्यांनाही अशी भीती वाटत असेल हे माझ्या कधी ध्यानातच आलं नाही. मित्रांनो, तुम्ही कुणाच्या गावी गेलात तर खिडकीआधी खिडकीतल्या माणसाकडे बघा. त्याला बाजूला व्हायला सांगू नका, ते घर आहे त्याचं. आणि तुमच्या दारात कुणी आलं, तर बादली उचलण्याआधी एकदा "कोण?" म्हणून विचारा. एवढं विचारायला कितीसा वेळ लागतो? आणि आम्हा जुन्या गाड्यांचं म्हणाल तर...

थांबा. भाऊने दांडा सोडला. नाही, सोडला नाही, दोन्ही हातांनी नीट धरला.

"खाली बस येतेय," तो म्हणाला. "हो बाजूला, तुला नाही झेपायचा उतारावर. आणि ऐक. तुम्ही दोघी आलात तर मी स्टँडवर असेन."

"आणि नाही आली ती तर?"

"तू एकटी आलीस तरी असेन."

ताई पेटीवर हात ठेवून चालायला लागली. हॉर्न वाजला बघा. मला आता निघायला हवं.